बाळासाठी वेगळा स्वयंपाक कधीपासून?

बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की घरात दोन स्वयंपाक सुरू होतात, एक मोठ्यांचा आणि एक त्याचा. वेगळं पातेलं, वेगळी गाळणी, उकळून घेतलेले चमचे, फडताळात एखादा तयार पिठाचा डबा. हे सगळं पूर्वापार चालत आलेलं वाटतं, पण यातला बराचसा पसारा गेल्या दीडशे वर्षांतला आहे. आणि तो मांडायला सांगणारी माणसं बहुतेक वेळा स्वयंपाकघराबाहेरची होती.

वरचं दूध मात्र फार जुनं. जर्मनीतल्या बव्हेरियात लहान मुलांच्या थडग्यांमधून चोच असलेली, मुठीत मावतील एवढी मातीची भांडी निघाली. काळ साधारण इ.स.पू. १२०० ते ४५०. त्यातल्या तीन भांड्यांचं रासायनिक विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा आत रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या दुधाचे अंश सापडले. म्हणजे अंगावरचं दूध पुरत नसेल किंवा आईच नसेल, तर काय करायचं हा प्रश्न तेव्हाही होता. उत्तर घरातच शोधलं जाई: जनावराचं दूध, दुसऱ्या बाईचं दूध, नाहीतर पाण्यात किंवा दुधात शिजवलेलं धान्य.

हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. नातवंडांना आईचं दूध मिळत नव्हतं म्हणून त्याने आईच्या दुधाच्या जवळ जाणारं मिश्रण बसवलं आणि १८६५ साली त्याची कृती प्रसिद्ध केली. गाईचं दूध, गव्हाचं पीठ, माल्टचं म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं पीठ आणि थोडं पोटॅशियम बायकार्बोनेट. पिठं वजन करून घ्यायची, दूध-पाण्यात कालवायची, मंद आचेवर सतत ढवळायची, दाटसर झालं की उतरवून ठेवायची, पुन्हा तापवायची आणि बारीक गाळणीतून गाळायची. कागदावर हे सुरेख दिसतं. रात्री दोन वाजता रडतं मूल खांद्यावर घेऊन ते करायचं कोणी, हा प्रश्न त्या कृतीत कुठे नाही. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या व्हेव्हे गावच्या हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची भुकटी काढली. तिच्यात पाणी घालून शिजवलं की काम झालं. ती का खपली, याचं उत्तर लीबिगच्या कृतीतच आहे.

या सोयीची किंमत मुलांनी मोजली. त्या काळात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीची दुधाची बाटली लोकप्रिय होती. मूल ती स्वतःच चोखत पडून राही. नळी आतून धुताच येत नसे आणि तिच्यात जंतू माजत. पुढे लोकांनी तिला ‘खुनी बाटली’ असंच नाव दिलं. १८८३ साली लंडनच्या थॉमस बार्लो यांनी तान्ह्या मुलांच्या हाडांच्या एका दुखण्याचा छडा लावला. तो निघाला स्कर्व्ही, खलाशांचा जुना रोग. उकळलेल्या दुधात आणि डब्यातल्या पिठांत ‘क’ जीवनसत्त्व फारसं उरत नव्हतं, पण जीवनसत्त्व ही कल्पनाच जन्मायची होती. गंमत अशी की घरातल्या साध्या ताज्या फळाच्या रसाने मूल सुधारे.

डब्यांची दुसरी लाट अमेरिकेतून आली. मिशिगनमधल्या फ्रीमॉन्ट गावी डोरोथी गर्बर १९२७ साली मुलीसाठी रोज भाज्या शिजवून चाळणीवर घासत बसायच्या. नवऱ्याच्या घरचा भाज्या-फळं डबाबंद करण्याचा कारखाना होता. हे काम तिथे का होऊ नये, असं त्यांनी विचारलं आणि १९२८ मध्ये वाटाणे, गाजर, पालक यांचे डबे बाजारात आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर वर्षाच्या आसपास भाज्या सुरू करायला सांगत. १९५० च्या दशकात काही जण जन्मानंतर थोड्याच दिवसांत पेज-पिठं द्या म्हणू लागले. मुलांची पोटं तर तीच होती. तयार डबा समोर असला की सल्लाही लवकरचा होतो, असं मला वाटतं.

गर्बर यांचे डबे बाजारात आले त्याच सुमारास क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनी उलटा प्रयोग मांडला. १९२६ पासून आधी क्लीव्हलंडला आणि मग शिकागोला त्यांनी नुकतंच दूध सुटलेल्या पंधरा मुलांना आपलं जेवण आपण निवडू दिलं. यादीत चौतीस साधे पदार्थ होते: फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस, मासे, दूध. मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. नर्स चमचा घेऊन गप्प बसायची. मुलाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच घास द्यायचा, आणि त्याने काय घेतलं, काय टाकलं यावर चकार शब्द काढायचा नाही. एखाद्याची न्याहारी म्हणजे भरपूर संत्र्याचा रस आणि कलेजी. मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा रोग) झालेल्या एका मुलाजवळ कॉड माशाच्या तेलाची वाटी ठेवली होती. बरा होईपर्यंत तो ते पीत राहिला, नंतर त्याने सोडून दिलं. मुलं धडधाकट वाढली. ‘मुलाला सगळं कळतं’ असा अर्थ लोकांनी घाईने काढला, पण खुबी पदार्थांच्या यादीत आहे, हे डेव्हिस यांनीच स्पष्ट केलं होतं. यादीत मिठाई नव्हतीच. वाटीत काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवावं आणि किती खायचं ते मुलाने. हा नियम शंभर वर्षांनी आजही पाळायला अवघड जातो, विशेषतः उरलेले दोन घास समोर दिसत असताना.

आईच्या ताटाकडे संशोधकांचं लक्ष फार उशिरा गेलं. १९९१ साली फिलाडेल्फियात ज्युली मेनेला आणि गॅरी बोशांप यांना दिसलं, की आईने लसूण खाल्ला की त्याचा वास दुधात उतरतो आणि बाळं अंगावर जास्त वेळ राहतात. २००१ मध्ये मेनेला यांच्याच गटाने दाखवलं, की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस घेतला असेल, तर मूल पुढे गाजराची पेज कमी तोंड वाकडं करून खातं. घरच्या स्वयंपाकाची ओळख पहिल्या घासाच्या कितीतरी आधी होते, ती अशी.

अधिकृत सल्ला नंतरही फिरत राहिला. जागतिक आरोग्य सभेने (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांची सभा) १९८१ साली दुधाच्या भुकटीच्या जाहिरातबाजीवर आचारसंहिता मंजूर केली (११८ देश बाजूने, अमेरिका एकटी विरोधात) आणि २००१ मध्ये पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, अशी शिफारस केली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका म्हटलं, २००८ मध्ये ते मागे घेतलं, आणि २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत लवकर दिल्यानेच ॲलर्जी कमी होते असं निघालं. त्या मधल्या वर्षांत एकमेकींशी वाद घातलेल्या आया-आज्या दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या.

या सगळ्यात चुलीपाशी कोण उभं होतं? फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी बेताच्या पगाराच्या कुटुंबांच्या घरांसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. पावलं वाचावीत म्हणून सगळं हाताशी, आणि शेजारच्या खोलीतलं मूल दिसावं म्हणून सरकतं दार. आखणी हुशारीची होती, पण आत एकच माणूस मावत असे. ते माणूस कोण, हे गृहीतच होतं. स्वीडनने १९७४ मध्ये बाळंतपणाच्या रजेऐवजी दोन्ही पालकांना वाटून घेता येईल अशी रजा आणली. सुरुवातीची वर्षं ती जवळजवळ सगळी आयांनीच घेतली. १९९५ साली एक महिना दुसऱ्या पालकासाठी राखून ठेवला आणि तो घेतला नाही तर बुडेल असा नियम केला, तेव्हा कुठे बाप मोठ्या संख्येने घरी थांबू लागले.