झटक्याच्या आधीचे काही तास

२०२३च्या मे महिन्यात अमेरिकेत एका चॅटबॉटची नोकरी गेली. तिचं नाव टेसा. नॅशनल इटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन या संस्थेने वीसहून अधिक वर्षं चाललेली आपली हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं होतं आणि आता मदार टेसावर होती. खाण्याच्या विकारांतून सावरणाऱ्यांपैकी काहींनी तिच्याशी बोलून पाहिलं, तर बाईसाहेब कॅलरी कमी करा, दर आठवड्याला वजन करा असे सल्ले देऊ लागल्या. बोंब झाली आणि टेसा बंद पडली.

मूळ टेसा खरं तर फार हुशार नव्हतीच. तज्ज्ञांनी लिहून ठेवलेली वाक्यं ती ठरलेल्या क्रमाने बोलायची. सुमारे ७०० तरुणींवर झालेल्या चाचणीत तिचा उपयोगही दिसला होता. वजनाबद्दलची आणि शरीराच्या आकाराबद्दलची चिंता काहीशी कमी झाली होती. पुढे बॉट चालवणाऱ्या कंपनीने त्यात स्वतःहून उत्तरं रचणाऱ्या एआयची भर घातली. असं मॉडेल शिकतं ते जगाने लिहून ठेवलेल्या मजकुरावर, आणि त्या मजकुरात ‘वजन’ या शब्दाच्या मागोमाग ‘कमी कसं करावं’ हे वारंवार येतं. इतरांना निरुपद्रवी वाटणारा हा सल्ला या रुग्णांसाठी मात्र विष ठरतो.

कारण आजाराचं चक्र फिरतं तेच मुळी अशा सल्ल्यावर. बुलिमिया या खाण्याच्या विकाराचं उदाहरण घ्या. आधी खाण्याचे कडक नियम, मग उपासमार. उपाशी शरीर अन्नाकडे ओढ घेतं, एखादा नियम मोडतो, ‘मोडलाच आहे तर मोडू दे’ असं वाटतं आणि अनावर खाण्याचा झटका येतो. त्यानंतर अपराधीपणा, उलट्या किंवा पुन्हा उपास, आणि नियम आणखी कडक. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी मांडलेल्या उपचारात म्हणूनच सुरुवातीलाच वेळच्या वेळी खाणं आणि खाल्ल्याबरोबर नोंद करणं येतं. ‘मनावर ताबा ठेवा’ असं सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की इथे ताबा गरजेपेक्षा जास्तच ठेवलेला असतो.

ही नोंदच मला एआयच्या दृष्टीने सगळ्यात रंजक वाटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुलिमिया असलेल्या १३१ स्त्रियांना दोन आठवडे हातात मावणारे छोटे संगणक दिले होते. दिवसातून अनेकदा ते विचारायचे: आत्ता कसं वाटतंय? झटक्यांच्या वेळा आणि ही उत्तरं एकत्र मांडल्यावर दिसलं की झटक्याच्या आधीच्या काही तासांत उदासी, राग, ताण असं नकोसं वाटणं चढत जातं आणि नंतर उतरतं. चढण दिसत असेल तर माथ्यावर पोहोचण्याआधी हाक मारता येईल, हा त्यापुढचा विचार.

आता जरा किचकट भाग. समजा ताणाच्या शून्य ते दहाच्या मापावर एकीचा आकडा सात आहे आणि दुसरीचा चार. धोका कुणाला? सांगता येत नाही. पहिली रोजच सातवर असेल, दुसरी एरवी एकवर. म्हणून गणित करताना प्रत्येक आकड्यातून त्या व्यक्तीची स्वतःची सरासरी वजा करतात: पहिलीचं उत्तर शून्य, दुसरीचं अधिक तीन. मॉडेलला शिकवायचं ते हे विचलन, त्याच्या जोडीला शेवटचं जेवण होऊन किती वेळ झाला, दिवसाची वेळ कोणती आणि आधीच्या नोंदीपेक्षा आकडा किती वेगाने चढला. मात्र नव्या रुग्णाची सरासरी पहिल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसते. तोवर इतरांच्या सरासरीवर भागवायचं आणि नोंदी साठत जातील तसतसा भार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या आकड्यांकडे सरकवायचा, अशी तडजोड करावी लागते.

दुसरी अडचण विरळपणाची. शंभर नोंदींपैकी पाचांनंतरच झटका आला असं धरा. ‘झटका येणार नाही’ एवढंच घोकणारं मॉडेल ९५ टक्के अचूक ठरेल आणि कवडीच्या कामाचं नसेल. वर्षभर रोज ‘आज भूकंप नाही’ म्हणणारा ज्योतिषीही असाच अचूक असतो. म्हणून ‘९५ टक्के अचूक एआय’ अशी जाहिरात दिसली की आधी विचारावं: खऱ्या पाचांपैकी पकडले किती, आणि त्यासाठी खोट्या घंटा किती वाजवल्या? नुसत्या फोटोवरून हे विकार ओळखण्याचा दावा कुणी केला, तर ते मुखसामुद्रिकच, म्हणजे चेहरा पाहून माणूस ओळखण्याचं थोतांडच समजावं. बुलिमियाचे बहुतेक रुग्ण काटकुळे नसतातच.

घंटा बरोबर वाजली तरी पुढे काय म्हणायचं हा प्रश्न उरतो. तिथे मला जुनी, पाठ केलेली वाक्यं बोलणारी टेसाच बरी वाटते. ‘दुपारचं खाणं राहिलंय का? आत्ता थोडं खा’ हे वाक्य तज्ज्ञाने आधी तपासलेलं असावं. मॉडेलने फक्त वेळ निवडावी. आणि त्या नोंदी उपचार करणाऱ्याने पाहायला हव्यात. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. ते ताणाच्या आकड्यांत उमटत नाही. त्याला रक्ततपासणी आणि ईसीजीच लागतो.