संशोधन फेलोशिप

संशोधन अधिछात्रवृत्ती, बोलीत फेलोशिप : पूर्णवेळ संशोधन करणाऱ्या नवोदित अभ्यासकाला ठरावीक मुदतीसाठी दरमहा मिळणारे विद्यावेतन. ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांना तिचा मोठा आधार असतो. मात्र फेलोशिप सुरू असताना दुसरीकडून पगार किंवा मानधन घेता येत नाही, त्यामुळे रुजू होण्याआधीच सीएचबीचे काम सोडावे लागते.

सर्वांत परिचित फेलोशिप विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप). ती यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळते. पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २०० गुणांचा. दोन्हींसाठी मिळून ३ तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. १ जानेवारी २०२३पासून पहिली २ वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढची ३ वर्षे, एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) म्हणून, ४२,००० रुपये मिळतात. सादिलवार खर्चासाठी पहिली २ वर्षे मानव्यविद्यांना वर्षाला १०,००० आणि विज्ञानाला १२,००० रुपये असतात. यातून पुस्तके, रसायने, क्षेत्रभेटीचा प्रवास भागवता येतो. टेबल-कपाट घेता येत नाही. वसतिगृह मिळाले नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा.

निवडपत्र हाती आले तरी पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याशिवाय पैसे सुरू होत नाहीत, आणि खरी अडचण इथेच येते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार गाइड, म्हणजे संशोधन मार्गदर्शक, म्हणून एका वेळी प्राध्यापक ८, सहयोगी प्राध्यापक ६ आणि सहायक प्राध्यापक ४ विद्यार्थीच घेऊ शकतो. त्यातून, आपण शिकवतो त्या महाविद्यालयात आपल्या विषयाचे मान्यताप्राप्त संशोधन केंद्र असेलच असे नाही. म्हणून ठाण्यातले अनेक जण मुंबई विद्यापीठाचे कलिना संकुल गाठतात. निकालाच्या दिवसापासूनच गाइडकडे जागा आहे का, हे विचारत राहावे. प्रयोगशाळेतल्या विज्ञानासाठी खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र आणि पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ही जवळची ठिकाणे आहेत.

रुजू झाल्यावर रुजू अहवाल, आधार आणि बँक खाते यांची माहिती फेलोशिपच्या पोर्टलवर चढते. संस्थेतला एक कर्मचारी, ज्याला 'मेकर' म्हणतात, माहिती भरतो आणि दुसरा, 'चेकर', ती तपासून मंजूर करतो. हाच फेरा दर महिन्याला, हजेरीच्या पुष्टीसह. चेकर रजेवर गेला की त्या महिन्याचे पैसे अडकतात. विद्यार्थ्याची त्यात काही चूक नसते. दुसरे नेहमीचे कारण नावातला फरक: दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव मध्ये, आधारवर आडनाव आधी, पासबुकात नुसते आद्याक्षर. रुजू होण्याआधी तिन्ही कागद समोर ठेवून अक्षरनअक्षर जुळवून घ्यावे आणि खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे बँकेत विचारावे.

एसआरएफ आपोआप लागत नाही. २ वर्षे पूर्ण होताना गाइड, विभागप्रमुख आणि बाहेरचा तज्ज्ञ यांची समिती कामाचा आढावा घेते. बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळवायलाच वेळ जातो, तेव्हा पत्र दोन-तीन महिने आधी पाठवावे.

रजा वर्षाला ३० दिवस, शिवाय सार्वजनिक सुट्ट्या. महाविद्यालयाची दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी फेलोला लागू नाही.

प्रबंध सादर झाला की किंवा ५ वर्षे भरली की, यातले जे आधी घडेल त्या दिवशी विद्यावेतन थांबते. मौखिक परीक्षेला त्यानंतर कित्येक महिने लागू शकतात, आणि त्या काळाच्या घरखर्चाची तजवीज आधीच करावी लागते.