लाकडी पॅलेट : निर्यातीतील वनस्पती आरोग्य नियम

निर्यातीचा माल ज्या लाकडी पॅलेटवर, खोक्यांत किंवा टेकूंवर लादला जातो, त्या लाकडातून झाडांची कीड परदेशात जाऊ नये म्हणून केलेले आंतरराष्ट्रीय नियम. व्यवहारात ते ‘आयएसपीएम १५’ (वनस्पती आरोग्य उपायांचे आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १५) या नावाने ओळखले जातात. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली हे मानक २००२ मध्ये स्वीकारले गेले आणि २००९ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. कराराचे सचिवालय रोममध्ये, अन्न व कृषी संघटनेत आहे. मानक हा स्वतः कायदा नव्हे. प्रत्येक देश ते आपल्या नियमांत उतरवतो आणि त्या देशाची वनस्पती संरक्षण यंत्रणा त्याची अंमलबजावणी करते.

हा नियम मालाला नाही, मालाखालच्या लाकडाला आहे. पॅलेटवर यंत्रांचे सुटे भाग असोत की दगडी फरश्या, झाडाशी काडीचा संबंध नसलेला मालही खालच्या फळ्यांमुळे बंदरात अडकू शकतो. नव्या निर्यातदाराची गल्लत होते ती इथेच.

पॅलेटसाठी बहुधा हलक्या प्रतीचे लाकूड वापरतात. ते ओले असते, कडेला साल राहिलेली असते आणि आत खोड पोखरणारी अळी जिवंत असू शकते. एशियन लाँगहॉर्न्ड बीटल हा चीन व कोरियातला लांब मिशांचा भुंगेरा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मेपलच्या झाडांवर सापडला, १९९८ मध्ये शिकागोत. तो लाकडी वेष्टनांतून आला असे मानले जाते. लागण झालेली झाडे तोडून नष्ट करणे हाच मुख्य उपाय ठरला. चीर वर्गातल्या पाइन वृक्षांचा सूत्रकृमी त्याहून घातक. हा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथले पाइन त्याला बहुतांशी दाद देत नाहीत, पण जपानमध्ये त्याने पाइनची वने उजाड केली आणि १९९९ मध्ये तो पोर्तुगालमध्ये आढळला. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा जीव एका झाडावरून दुसऱ्यावर जातो तो भुंगेऱ्याच्या अंगावरून. अशा घटनांनंतर जो तो देश आपापले नियम करू लागला, म्हणून सर्वांना चालेल असे एक मानक गरजेचे झाले.

मुख्य उपचार उष्णतेचा. लाकडाच्या गाभ्यासह सर्व जाडीत किमान ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटे टिकले पाहिजे. यातला ‘गाभा’ हा शब्द महत्त्वाचा. भट्टीतली हवा तापली म्हणजे लाकूड तापले असे होत नाही. त्यासाठी जाड तुकड्याला भोक पाडून तापमापक मधोमध बसवतात आणि भोक नीट बुजवतात. तीस मिनिटे मोजायची ती गाभा ५६ वर पोचल्यानंतर. तापवणे आणि वाळवणे याही दोन वेगळ्या गोष्टी. उपचार झालेले लाकूड ओलेच राहू शकते, त्यावर बुरशीही चढू शकते. बुरशी मालाला नको असली तरी ती या मानकाचा विषय नाही.

सूक्ष्मलहरींसारख्या विद्युतचुंबकीय तापनात पृष्ठभागासह पूर्ण जाडी ६० अंशांवर सलग एक मिनिट ठेवावी लागते. मिथिल ब्रोमाइडची धुरी किमान २४ तास द्यावी लागते, १० अंशांपेक्षा थंड लाकडाला ती चालत नाही. हा वायू ओझोनचा थर विरळ करतो. ओझोन वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारातील निर्बंधांतून क्वारंटाइनसाठीचा, म्हणजे कीड रोखण्यासाठीचा, वापर वगळला असला तरी भट्टी उपलब्ध असताना धुरीकडे वळू नये, हेच योग्य. सल्फ्युरिल फ्लोराइडची धुरी २०१८ मध्ये मान्य झाली. दोन्ही धुऱ्यांना २० सेंटिमीटरपेक्षा जाड लाकूड चालत नाही.

साल काढणे सर्वच उपचारांत सक्तीचे, आणि धुरी द्यायची तर साल आधीच काढलेली हवी. चुकून राहिलेल्या सालीची तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी कितीही लांब असली तरी चालते. त्याहून रुंद तुकडा असेल तर तो ५० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान हवा. मोठ्या सालीखाली उपचारानंतरही सालकिडे घर करू शकतात.

उपचाराची खूण म्हणजे शिक्का. चौकटीत डावीकडे गव्हाच्या उभ्या ओंबीचे चिन्ह, उजवीकडे देशाची दोन अक्षरे, उत्पादकाचा क्रमांक आणि उपचाराचा संकेत : उष्णतेसाठी एचटी, विद्युतचुंबकीय तापनासाठी डीएच, धुरीसाठी एमबी किंवा एसएफ. तो हाताने काढलेला चालत नाही. लाल व नारिंगी रंग धोकादायक मालाच्या खुणांसाठी वापरले जात असल्याने ते टाळायचे. शिक्का शक्यतो दोन समोरासमोरच्या बाजूंना उमटवतात. तो असला की लाकडासाठी वेगळे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागत नाही.

शिक्क्याला मुदत नसते, पण दुरुस्तीने त्याची विश्वासार्हता जाऊ शकते. एक तृतीयांशापर्यंत फळ्या बदलल्या तर ती दुरुस्ती. नव्या फळ्या उपचारित हव्यात आणि त्यांवर वेगळी खूण हवी. त्याहून जास्त बदलल्या तर जुने सर्व शिक्के खोडून पूर्ण पॅलेटला पुन्हा उपचार द्यावा लागतो. तुटलेल्या फळीच्या जागी गोदामात पडलेली कोणतीही फळी ठोकणे ही सर्रास होणारी चूक, आणि शिक्का शाबूत असल्याने ती सहज नजरेतून सुटते.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड आणि लाकडाचा भुसा यांना हे मानक लागू नाही. कंटेनरमधला माल जागेवर घट्ट राहावा म्हणून त्याभोवती ठोकलेल्या सुट्या फळ्यांना मात्र ते लागू आहे, आणि नेमक्या याच विसरल्या जातात.

आयात करणाऱ्या देशात शिक्का नसलेले किंवा जिवंत कीड असलेले लाकूड सापडले, तर त्यावर उपचार करणे, ते नष्ट करणे किंवा माल परत पाठवणे यांपैकी काहीही होऊ शकते. जुने भोक हा कीड जिवंत असल्याचा पुरावा नव्हे. तपासनीस शोधतात तो भोकाखाली सांडलेला ताजा, फिकट भुसा. तो दिसला की फळी चिरून अळी पाहिली जाते.