पाणथळीतील वीण-निरीक्षण

पाणथळीत, तलावाकाठी किंवा धरणाच्या फुगवट्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे, त्यांना न बुजवता लांबून केलेले निरीक्षण. एरवी पक्षी ओळखला की निरीक्षक पुढे जातो. येथे एकाच घरट्यासाठी त्याला त्याच काठावर आठवडेच्या आठवडे यावे लागते.

महाराष्ट्रात पाणथळींवर गर्दी होते ती हिवाळ्यात. गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मधमेश्वर (२०२० मध्ये जाहीर झालेले राज्यातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) तेव्हा उत्तरेकडून आलेल्या बदकांनी गजबजते. पण ते पाहुणे वीण करायला मायदेशी परततात. येथल्या कमळपक्षी, टिबुकली (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी), जांभळी पाणकोंबडी यांची वीण मुख्यतः पावसाळ्यात, पाणवनस्पती माजल्यावर होते, आणि नेमका तेव्हा काठ ओस असतो.

सर्वांत विलक्षण संसार लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचा. मादी तरंगत्या पानांवर बहुधा चार चकचकीत तपकिरी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणे, पिल्ले सांभाळणे सारे नराकडे. पाणी वाढले, धोका वाटला, तर तो अंडे हनुवटी व छातीच्या बेचक्यात धरून दुसऱ्या पानावर नेतो. टिबुकलीचे घरटे म्हणजे कुजक्या शेवाळाचा ओला, तरंगता ढीग. उठताना ती चोचीने भराभर शेवाळ ओढून अंडी झाकते. मूळची पांढरी अंडी त्या डागांनी तपकिरी होत जातात. अंडी झाकली जाताना दिसली, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे.

टिटवी आणि नदी सुरय (मासे टिपणारा नदीकाठचा पक्षी) उन्हाळ्यातच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असा शेतकऱ्यांचा आडाखा आहे. भर दुपारी टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. अशा वेळी छायाचित्रासाठी कोणी तिला पंधरा मिनिटे उठवून ठेवले तरी अंडी उन्हात भाजू शकतात. कावळेही माणसाच्या हालचालीवरून घरटे हेरतात. म्हणून दुर्बीण किंवा स्पॉटिंग स्कोप वापरावा, आडोशाची पाने बाजूला करू नयेत, घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना इजा करणे हा गुन्हा आहे.

धरणाच्या फुगवट्यावर घरट्याचे भवितव्य पाटबंधाऱ्याच्या आवर्तनावरही (शेतीसाठी पाळीपाळीने पाणी सोडण्यावरही) ठरते. पाणी सोडून पातळी उतरली की सुरयांची घरटी असलेली बेटे काठाला जोडली जातात आणि कुत्री, कोल्हे चालत पोहोचतात; टिबुकलीचा ढीग चिखलात टेकतो. त्यामुळे अनुभवी निरीक्षक वहीत तारीख आणि अंड्यांच्या संख्येशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळीही लिहून ठेवतात.