गॅस जळतो, पण ऊर्जा कुणाची?

‘बंध तुटला की त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते.’ बारावीच्या मुलांच्या तोंडी हे वाक्य हमखास सापडतं. ते साफ उलटं आहे. बंध म्हणजे रेणूतल्या अणूंना एकमेकांशी जोडून ठेवणारी पकड. बंध तोडायला ऊर्जा मोजावीच लागते. मिळते ती नवा बंध जुळताना.

शेगडीला पाइपने येणारा गॅस घ्या. तो मुख्यतः मिथेन. एक मोल (रेणूंचा ठरावीक मोठा गठ्ठा) जाळायचा तर कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडा, प्रत्येकी 413 किलोज्यूल: 1652. ऑक्सिजनचे दोन मोल फोडा, प्रत्येकी 498: 996. खर्च 2648. आता जमा. कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध 799चे, वाफेतले चार बंध 463चे, मिळून 3450. फरक 802. ही ऊर्जा बाहेर गेली, म्हणून वहीत उणे 802. वाफेचं पाणी झालं की आणखी 88, म्हणजे 890. ज्वाळेत बंध असे ओळीने तुटत नाहीत, हे खरं. पण वाट कुठलीही असो, एकूण फरक तोच राहतो, हे रसायनशास्त्रज्ञ हेसने 1840 मध्येच सांगून ठेवलंय.

आता ऑक्सिजनच्या त्या 498कडे नीट बघा. दुहेरी बंध असून इतका कच्चा! नफा होतो तो मुख्यतः ऑक्सिजन हा कच्चा बंध सोडून पक्के बंध धरतो म्हणून. पडताळा घ्या. ज्वलनाची उष्णता, लागलेल्या ऑक्सिजनच्या दर मोलमागे: मिथेन 445, ऑक्टेन 438, इथेनॉल 456, ग्लुकोज 467. इंधनं किती वेगवेगळी, आकडे जवळजवळ सारखे. आगीचा अभ्यास करणारे याचाच फायदा घेतात. धुराड्याखाली अख्खा सोफा पेटवतात आणि धुरात ऑक्सिजन किती कमी झाला ते मोजतात. खर्ची पडलेल्या ऑक्सिजनच्या किलोमागे सुमारे 13.1 मेगाज्यूल धरले की झालं. सोफा कशाचा होता, हे माहीत नसलं तरी चालतं.

‘पाण्यावर चालणारी गाडी’ दाखवणारे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. जळताना मोलमागे 286 किलोज्यूल मिळाले. पाणी फोडायला तेवढेच परत मोजावे लागणार. ते आणायचे कुठून, एवढं मात्र व्हिडिओत नसतं.

मग इतका कच्चा बंध असून गॅस आपणहून का पेटत नाही? ऑक्सिजनच्या रेणूत दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि दोघांची फिरकी (स्पिन) एकाच दिशेची. मिथेनमधले सगळे इलेक्ट्रॉन जोडीने, उलटसुलट फिरकीचे. त्यामुळे थेट अभिक्रिया जमता जमत नाही. आधी थोडे रेणू फुटून मुक्तमूलकं, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले तुकडे, तयार व्हावी लागतात, मग साखळी सुरू होते. लायटरची ठिणगी तेवढंच करते. पुढचा खर्च ज्वाळ स्वतःच भागवते.