वैमानिकाच्या लेखी परीक्षेला मुदत का असते?

बारावीची गुणपत्रिका जन्मभर चालते; वैमानिकाच्या लेखी पेपरांचे तसे नाही. नॅव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी (हवामान), रेग्युलेशन्स (उड्डाणाचे नियम), टेक्निकल हे सगळे पेपर ७० टक्क्यांची अट पार करून सुटले, तरी ठरलेल्या काळात उड्डाणाचे तास पूर्ण करून परवान्यासाठी अर्ज केला नाही, तर ते पुन्हा द्यावे लागतात. पुण्यात ग्राउंड क्लास, म्हणजे लेखी पेपरांची शिकवणी, करून पुढे बारामतीला किंवा थेट अमेरिकेला उडायला जाणाऱ्या मुलांच्या घरी या मुदतीची धास्ती असते.

हा विचार जुना आहे. १९४४ च्या शिकागो करारातून जी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली, तिने १९४८ मध्ये परवान्यांविषयीचे परिशिष्ट मंजूर केले आणि ज्ञान, अनुभव व कौशल्य यांचे किमान निकष घालून दिले. ही तिन्ही एकाच माणसात एकाच वेळी जिवंत असावीत, ही अपेक्षा आपल्या १९३७ च्या विमान नियमांतही स्पष्ट दिसते. व्यावसायिक परवान्याला एकूण २०० तास लागतात. पण त्यांतले १५ तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले हवेत आणि कौशल्य चाचणीही त्याच सहा महिन्यांतली हवी. हात जर सहा महिन्यांत गंजतो असे मानायचे, तर पाठांतर कायमचे ताजे कसे धरणार? त्यात रेग्युलेशन्सचा विषय तर बदलतच राहतो. १ जानेवारी २०२५ ला भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि १९३४ चा कायदा गेला. त्याबरोबर रेडिओ टेलिफोनीच्या आरटीआर परीक्षेचा अधिकार दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आला.

मुदत किती असावी, यावर मात्र जगाचे एकमत नाही. अमेरिकेत लेखी चाचणीचा निकाल २४ महिने धरला जातो. तेवढ्यात प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी झाली पाहिजे. एअरलाइन परवान्यालाही, म्हणजे प्रवासी विमानाच्या कप्तानाला लागणाऱ्या सर्वांत वरच्या परवान्यालाही, हाच नियम होता. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण गेले. त्यानंतर २०१० मध्ये कायदा आला आणि प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही एअरलाइन परवाना सक्तीचा झाला. त्यासाठी सर्वसाधारणपणे १५०० तास लागतात. १ ऑगस्ट २०१४ पासून या परवान्याची लेखी परीक्षा देण्याआधी एक खास अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि तिच्या निकालाची मुदत ६० महिने झाली. एवढे तास जमवायला वेळ लागणार हे ओळखून मुदत वाढली, असे मला वाटते.

युरोपची रचना वेगळी. पहिला पेपर दिल्यापासून १८ महिन्यांत सगळे पेपर सुटले पाहिजेत, आणि त्यानंतर व्यावसायिक परवाना किंवा इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे दिसत नसताना उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) मिळवायला ३६ महिने मिळतात. एअरलाइन परवान्यासाठी मात्र हेच पेपर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची वैधता संपल्यापासून सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात. उडत राहणाऱ्याचे ज्ञान शिळे होत नाही, हे त्यात मान्य केले आहे. मला हीच पद्धत सर्वांत न्याय्य वाटते.

परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांना दोन्हीकडच्या मुदती सांभाळाव्या लागतात. तिथली प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट, कमर्शियल अशी प्रत्येक लेखी चाचणी आपापल्या २४ महिन्यांत वापरायची; परत आल्यावर परवाना भारतीय करून घेताना रेग्युलेशन्स आणि नॅव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित पेपर डीजीसीएकडे द्यायचा. वर्ग एकची वैद्यकीय तपासणीही दरवर्षी असतेच.

मुदत हवीच, यात मला शंका नाही. पण पावसाळ्याचे ढग उतरले, विमान दुरुस्तीत अडकले, प्रशिक्षक सोडून गेला, तर महिने वाया जातात आणि त्यात विद्यार्थ्याचा दोष नसतो. घर गहाण ठेवून फी भरलेली असते; पेपर पुन्हा द्यायचे म्हणजे पुन्हा क्लास, पुन्हा खर्च, आणि तोवर हातही सुटतो. २०२० मध्ये कोविडमुळे चाचण्या ठप्प झाल्या, तेव्हा अमेरिकेच्या नियामकाने संपत आलेल्या लेखी निकालांना काही महिन्यांची वाढ दिली होती. प्रशिक्षण संस्थेकडूनच उड्डाण थांबले असेल आणि तिच्या नोंदवहीतून ते सिद्ध होत असेल, तर तेवढे महिने मुदतीतून वगळण्याची सोय आपल्याकडेही नियमातच असायला हवी.