तुटलेला दोर आणि एका शहराचा संताप

बसच्या दाराला पोलिसांनी दोर बांधला आणि दार ओढून काढायचा प्रयत्न केला. दोर तुटला. मग घण आले. काचांवर घाव पडत होते, तडे जात होते, पण आत शिरायला वाट होत नव्हती. पाऊस लागला होता. आत माणसं होती, त्यांतली काही अजून जिवंत होती. हे सगळं हाँगकाँगमधल्या घराघरांत, जेवणाच्या वेळी, टीव्हीवर थेट दिसत होतं.

ही २३ ऑगस्ट २०१० ची, सोमवारची संध्याकाळ. ठिकाण फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिथल्या रिझाल पार्कमधलं किरिनो ग्रँडस्टँड. नोकरीवरून काढून टाकलेला पोलीस अधिकारी रोलांडो मेंडोझा सकाळी हातात एम-१६ रायफल घेऊन हाँगकाँगच्या पर्यटकांच्या बसमध्ये चढला होता. आपल्याला परत नोकरीवर घ्या, एवढीच त्याची मागणी. दिवसभरात त्याने काही जणांना सोडून दिलं. मुलं, आजारी, वयस्कर. दुपारपर्यंत तर असं वाटत होतं की हे निभावेल. संध्याकाळी बोलणी फिसकटली. त्याच्या पोलीस असलेल्या भावाला पोलीस धरून नेत असल्याचं दृश्य त्याने बसमधल्याच टीव्हीवर पाहिलं आणि गोळीबार सुरू झाला. त्यानंतर पोलिसांना आत शिरायला तासाहून जास्त वेळ लागला. शेवटी नेमबाजाच्या गोळीने मेंडोझा मेला, पण तोवर आठ ओलिसांचा जीव गेला होता.

कुंपणानेच शेत खावं आणि ते वाचवायला आलेल्या राखणदारांना कुंपण ओलांडता येऊ नये, अशी ही गत. हाँगकाँगमध्ये झेंडे अर्ध्यावर उतरले. सरकारने त्याच रात्री फिलिपिन्सला जाऊ नका असा सर्वांत वरच्या पातळीचा, काळा इशारा दिला. पुढच्या रविवारी व्हिक्टोरिया पार्कमधून हजारो लोकांचा मोर्चा निघाला. आयोजकांनी आकडा ८० हजार सांगितला. काळे-पांढरे कपडे, फारशा घोषणा नाहीत.

मारणारा मेला होता. तरी राग शमला नाही, उलट वाढत गेला, आणि तो जवळजवळ सगळाच सुटका करणाऱ्यांवर होता. असं का होतं, यावर मानसशास्त्राकडे सांगण्यासारखं बरंच आहे. मला त्यातला शेवटचा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो, पण सुरुवात पडद्यापासूनच करायला हवी.

१५ एप्रिल २०१३ ला अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत संशोधकांनी साडेचार हजारांहून जास्त अमेरिकन प्रौढांना प्रश्न विचारले: स्फोटाच्या वेळी तुम्ही किंवा तुमचं जवळचं कुणी तिथे होतं का, नंतरच्या आठवड्यात बातम्या किती पाहिल्या, आणि झोप, धडधड, पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणारी दृश्यं यांचं काय? रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या घटनेच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. आधीच घाबरलेली माणसं जास्त बातम्या पाहतात, हाही त्यातला एक धागा आहे आणि तो पूर्ण सोडवता येत नाही. पण पडद्यावरचं संकट शरीराला परकं वाटत नाही, एवढं यातून दिसतं.

हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २००८ मधल्या त्या तीन रात्री आमच्या घरातला टीव्ही बंद झाला नव्हता. ताजच्या घुमटाखालचा धूर आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो, आणि मी तेव्हा कुलाब्याच्या आसपासही नव्हतो. त्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालपत्रात कडक ताशेरे ओढले. बाहेर बसलेले सूत्रधार टीव्ही पाहून आतल्यांना सूचना देत होते. २०१५ मध्ये भारतात नियमच झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देईल तेवढीच. खरं तर हा धडा १९७२ पासूनचा. म्यूनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं होतं, तेव्हा छतावर चढणारे पोलीस अपहरणकर्त्यांच्या खोलीतल्या टीव्हीवरही दिसत होते आणि तो बेत सोडून द्यावा लागला. पुढे विमानतळावरची चकमक फसली आणि सगळे ओलीस मेले. ३८ वर्षांनी मनिलात पुन्हा तेच.

पण टीव्हीने धक्का समजतो, संताप नाही. संतापाला दोषी लागतो, आणि दोषी ठरवताना आपली बुद्धी एक फार जुनी चूक करते.

त्या दिवसांत हाँगकाँगचा लाडका नट जॅकी चॅन याने ट्विटरवर काहीसं असं लिहिलं: त्याला आधीच मारलं असतं तर लोक म्हणाले असते, आधी बोलणी का नाही केली? बोलणी केली, तर म्हणतात आधीच का नाही मारलं? लोक त्याच्यावर तुटून पडले. तो ज्या गोष्टीकडे बोट दाखवत होता, तिला आपण पश्चात्‌बुद्धी म्हणतो. १९७५ मध्ये बरूक फिशहॉफ या तरुण मानसशास्त्रज्ञाने ती प्रयोगात पकडली, आणि गंमत म्हणजे त्यासाठी त्याने आपल्याच उपखंडातलं युद्ध निवडलं. १८१४ साली इंग्रज आणि गुरखे यांच्यात जुंपली होती. फिशहॉफने इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना त्याचा एक उतारा वाचायला दिला. युद्धाचे चार शेवट शक्य होते: इंग्रजांचा जय, गुरख्यांचा जय, किंवा दोन तऱ्हांची बरोबरी. काहींना शेवट सांगितलाच नाही. बाकीच्यांना चारांपैकी एक शेवट खरा म्हणून सांगितला, प्रत्येक गटाला वेगळा. मग विचारलं, निकाल ठाऊक नसता तर तुम्ही कोणत्या शेवटाला किती शक्यता दिली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. आपल्या अंदाजात सांगितलेला निकाल झिरपला आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

१९८८ मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी पुढचं पाऊल टाकलं. ५५ वर्षांचा हृदयरोगी, शस्त्रक्रियेत दगावण्याची शक्यता ८ टक्के, डॉक्टर शस्त्रक्रिया करायचं ठरवतात. रुग्ण वाचला असं वाचणाऱ्यांना निर्णय चांगला वाटला; रुग्ण गेला असं वाचणाऱ्यांना तोच निर्णय वाईट वाटला. माहिती तीच, शक्यता तीच, फक्त शेवट वेगळा.

म्हणजे मनिलाचे पोलीस बिचारे, निकाल वाईट लागला म्हणून बदनाम झाले? नाही. इथे मी जॅकी चॅनशी पूर्ण सहमत नाही. पश्चात्‌बुद्धी ओळखायची ती चूक झाकायला नव्हे, खरी चूक शोधायला. कसोटी सोपी आहे: ही गोष्ट दुपारी बारा वाजता, शेवट माहीत नसताना, कळण्यासारखी होती का? बोलणी करायची की गोळी झाडायची, हा त्या क्षणी खरोखर अवघड प्रश्न होता; तिथे जॅकी चॅनचं बरोबर. पण अपहरणकर्त्याच्या समोर टीव्ही चालू आहे, हे कळायला शेवट माहीत असण्याची गरज नव्हती. बसचं दार कसं उघडतं, याचा सराव दुसऱ्या रिकाम्या बसवर करता आला असता. सरकारी चौकशी समितीच्या अहवालात असंही पुढे आलं की ऐन मोक्याच्या वेळी महापौर आणि मनिलाचे पोलीसप्रमुख घटनास्थळ सोडून जवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये गेले होते, आणि अधिक तयारीचं राष्ट्रीय पथक असताना कारवाई शहर पोलिसांच्या पथकाने केली. यातलं काहीही मागाहून सुचलेलं शहाणपण नाही.

दुःख आणि राग वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवतात, हेही प्रयोगात दिसलं आहे. डॅकर केल्टनर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की उदास केलेली माणसं घडलेल्या गोष्टीचं कारण परिस्थितीत शोधतात, रागावलेली माणसं ते माणसांत शोधतात. मनिलाच्या बाबतीत ही दिशा भलतीकडेही वळली. हाँगकाँगमध्ये एक लाखाहून जास्त फिलिपिनो बायका घरकाम करत होत्या, मुलं सांभाळत होत्या. त्यांचा काय संबंध? पण आपल्या माणसाची चूक झाली तर ती त्याची किंवा वेळेची, परक्याची झाली तर ती त्याच्या जातकुळीची, अशी मनाची ठेवण असते. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये तिची नीट मांडणी केली. त्या बायकांच्या मनात धास्ती बसली. त्यांनीच मग हाँगकाँगमध्ये जमून मेणबत्त्या लावल्या आणि मृतांसाठी प्रार्थना केली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्या सर्वांत आधी पुढे आल्या.

आणि ज्यांनी यायला हवं होतं? हाँगकाँगचे प्रमुख डोनाल्ड त्सांग त्या संध्याकाळी फिलिपिन्सचे अध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांना फोनवर गाठायचा प्रयत्न करत होते. बोलणं झालं नाही. रात्री पत्रकारांसमोर अकिनो यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. हताशपणातही आपल्याला असं हसू येतं, असं त्यांनी नंतर सांगितलं, पण तोवर ते छायाचित्र सगळीकडे पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या गोळ्यांनी चाळण झालेल्या बससमोर काही पोलीस आणि विद्यार्थी उभे राहून फोटो काढून घेत होते. मेंडोझाच्या शवपेटीवर राष्ट्रध्वज घातला गेला.

आता तो शेवटचा भाग. १९८४ मध्ये टॉम टायलर यांनी शिकागोतल्या दीड हजारांहून जास्त रहिवाशांना पोलीस आणि न्यायालयांच्या अनुभवाबद्दल विचारलं. अपेक्षा अशी की ज्याच्या बाजूने निकाल लागला तो खूश, विरुद्ध लागला तो नाराज. तसं निघालं नाही. आपलं ऐकून घेतलं का, सगळ्यांना सारखं वागवलं का, बोलताना मान राखला का, यावर लोकांचं मत निकालापेक्षा जास्त अवलंबून होतं. नंतर अनेक देशांत हेच सापडत गेलं. माणसं यंत्रणेचं अपयश पोटात घालू शकतात. उपेक्षा पोटात घालत नाहीत, कारण उपेक्षेतून त्यांना एकच अर्थ कळतो: तुमची माणसं आमच्या हिशेबात नाहीत.

वाचलेल्यांच्या आणि मृतांच्या कुटुंबांच्या मागण्या पाहिल्या तर हेच दिसतं. त्या चार होत्या: माफी मागा, भरपाई द्या, जबाबदार असलेल्यांना शिक्षा करा, पर्यटकांच्या सुरक्षेसाठी पावलं उचला. माफी पहिली. फिलिपिन्स सरकारची भूमिका मात्र अशी राहिली की हे एका माणसाचं कृत्य आहे, देशाने माफी मागण्याचं कारण नाही. वाद चिघळत गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये हाँगकाँगने फिलिपिन्सच्या सरकारी पासपोर्टधारकांची बिनव्हिसा प्रवासाची सवलत काढून घेतली. एप्रिल २०१४ मध्ये मनिलाचे नवे महापौर जोसेफ एस्त्रादा हाँगकाँगला आले, तेव्हा भरपाई ठरली आणि फिलिपिन्सने ‘अत्यंत दुःखपूर्वक खेद’ असे शब्द वापरले. काळा इशारा उतरवला गेला. त्याला तीन वर्षं आठ महिने लागले होते. एप्रिल २०१८ मध्ये अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते हाँगकाँगमध्ये आपल्या देशबांधवांसमोर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी फिलिपिनो लोकांच्या वतीने माफी मागितली. माफी हाच शब्द वापरून.